द्राक्षबागेत डिस्क गोल्फ : परवानगीपासून शेवटच्या बास्केटपर्यंत

डिस्क गोल्फमध्ये ‘टी’ या सुरुवातीच्या जागेपासून चपटी गोल डिस्क फेकत कमीत कमी फेकींत बास्केटमध्ये टाकायची असते, आणि टीपासून बास्केटपर्यंतच्या एका पल्ल्याला ‘होल’ म्हणतात. नारायणगाव, जुन्नर किंवा बारामतीकडच्या एखाद्या ओळखीच्या द्राक्षबागेत सुट्टीच्या दिवशी उचलून नेता येणाऱ्या बास्केट मांडायच्या आणि सकाळभर डिस्क गोल्फ खेळायचे, असा बेत पुण्यातले अनेक गट आखतात. त्यात वारंवार होणाऱ्या चुकांचे मूळ एकच आहे. उद्यानातल्या मोकळ्या हिरवळीवर जसे खेळतो तसेच बागेतही खेळता येईल, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात बागेतल्या तारा, खांब, ठिबकच्या नळ्या, फवारणीचे वेळापत्रक आणि वेलीची त्या महिन्यातली अवस्था यांवरून डिस्क कोणती घ्यायची, कुठून फेकायची आणि पडलेली डिस्क कशी उचलायची, हे सारे ठरते. म्हणून खालील टप्पे दिलेल्या क्रमानेच पार पाडावेत. पहिले दोन टप्पे घरी बसून, फोनवर पूर्ण होतात आणि नेमके तेच बहुतेक जण गाळतात.

टप्पा १ : खेळण्याचा काळ ठरवणे

महाराष्ट्रात द्राक्षाच्या वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर या काळात गोडी छाटणी होते. गोडी छाटणीनंतर घड येतात आणि साधारण जानेवारीपासून मार्च-एप्रिलपर्यंत काढणी चालते. बागेत घड लटकत असताना खेळू नये, हे कोणालाही पटते. मात्र घड नाहीत म्हणजे बाग रिकामी आहे आणि आता खुशाल खेळावे, हा समज सर्वांत महागात पडणारा आहे.

खरड छाटणीनंतर फुटलेल्या कोवळ्या काड्यांवर एकही घड दिसत नसला, तरी पुढच्या हंगामाचे घड त्याच काड्यांच्या डोळ्यांत (अंकुरांत) मे-जूनच्या सुमारास घडत असतात. नव्या फुटी पहिल्या काही आठवड्यांत इतक्या ठिसूळ असतात की डिस्कचा हलका धक्काही त्यांना ओलांड्यापासून (वेलीच्या आडव्या मुख्य फांदीपासून) मोडायला पुरतो, आणि अशी मोडलेली फूट म्हणजे पुढच्या वर्षीचा गेलेला माल असतो. गोडी छाटणीनंतरच्या पोंग्याच्या (डोळे नुकते फुटण्याच्या) आणि फुलोऱ्याच्या अवस्थेबद्दल तर वेगळे सांगायला नको.

मग खेळायचे कधी? माझ्या मते काढणी संपल्यापासून खरड छाटणी सुरू होईपर्यंतचा बागेच्या विश्रांतीचा काळ हाच खरा योग्य काळ आहे. तो जेमतेम काही आठवड्यांचा असतो आणि प्रत्येक बागेत तो वेगळ्या तारखांना येतो, त्यामुळे दिनदर्शिका पाहून नव्हे, तर बागमालकाला विचारूनच दिवस ठरवावा. दुसरा पर्याय काडी पक्व झाल्यानंतरचा, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरचा आहे. पण तेव्हा पावसामुळे काळी जमीन चिकट झालेली असते, ओल्या जमिनीत पाय रुतून माती दबते आणि डाउनी व भुरी या रोगांसाठी फवारण्याही चालू असतात. पाऊस पडून दोन-तीन दिवस झालेले नसतील, तर त्या काळात बागेत जाऊ नये.

खरड छाटणी झाल्याबरोबर, फुटी निघण्याआधीचे चार-सहा दिवस मोकळे दिसतात आणि मोह होतो. त्या वेळी गल्ल्यांमध्ये छाटलेल्या काड्यांचे ढीग पडलेले असतात, त्यांची टोके तिरकी व टोकदार असतात आणि डिस्क त्यात गेली की हाताला ओरखडे आल्याशिवाय सापडत नाही. काड्या उचलून होईपर्यंत थांबावे.

*तपासणी :* पुढील प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय तारीख पक्की करू नये. काढणी पूर्ण झाली आहे का? छाटणी कोणत्या तारखेला आहे? त्या दिवशी बागेत मजूर काम करणार आहेत का?

टप्पा २ : मालकाशी बोलणे आणि फवारणीची चौकशी

परवानगी केवळ “येऊ का?” एवढ्यावर घेऊ नये. किती माणसे येणार, किती वाजता येणार, बागेच्या कोणत्या तुकड्यात खेळणार आणि वेलीचे किंवा ठिबकचे नुकसान झाल्यास भरपाई कशी देणार, हे आधीच स्पष्ट बोलावे. मालक पुण्यात राहत असेल आणि बाग दुसऱ्याच कोणी सांभाळत असेल, तर त्या सांभाळणाऱ्या माणसाशीही स्वतंत्र बोलणे आवश्यक आहे, कारण काल बागेत कोणते औषध मारले हे त्यालाच ठाऊक असते.

फवारणीबद्दल विचारताना “औषध मारलंय का?” असे मोघम विचारल्यास उत्तरही मोघम येते. शेवटची फवारणी कोणत्या तारखेला झाली, कोणत्या औषधाची झाली आणि त्या औषधाच्या डब्यावर बागेत पुन्हा जाण्यासाठी किती काळ थांबायला सांगितले आहे, असे तीन वेगळे प्रश्न विचारावेत. निर्यातीचा माल करणारे शेतकरी फवारणीची नोंदवही ठेवतात, तेव्हा ती पाहायला मागण्यात संकोच करण्याचे कारण नाही. डिस्क पानांतून घासत जाते, मातीत पडते आणि तीच डिस्क आपण उघड्या हाताने उचलतो. मध्येच घाम पुसतो, खाऊही खातो. पानांवरचे औषध अंगात जाण्याचा हा अगदी सरळ मार्ग आहे.

*सावधान :* गोडी छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. हे रसायन त्वचेला घातक आहे आणि त्याचा संपर्क झाल्यावर मद्य घेतल्यास त्रास कितीतरी वाढतो. वाइनच्या बागेत खेळून झाल्यावर चव घेण्याचा कार्यक्रम अनेकदा जोडलेला असतो, म्हणून हे विशेष लक्षात ठेवावे. त्या दिवसांत बागेत पाऊलच टाकू नये.

याच बोलण्यात बागेचा मांडव कोणत्या प्रकारचा आहे, हेही विचारून घ्यावे. वाइनच्या द्राक्षांच्या बागेत बहुधा वेल उभ्या तारांवर सरळ वर चढवलेली असते आणि दोन ओळींमध्ये आठ-नऊ फुटांची उघडी गल्ली मिळते. अशा बागेत ओळीच्या आत होल ठेवता येते. खाण्याच्या द्राक्षांच्या बागेत आडवा मांडव किंवा वाय आकाराचा सांगाडा असतो, डोक्यावर छत येते आणि डिस्कला उंची मिळत नाही. तिथे ओळींत शिरण्याचा हट्ट सोडून बागेभोवतीची गाडीवाट, बांधालगतची मोकळी पट्टी आणि शेजारचे पडीक रान एवढ्यावरच कोर्स मांडावा.

टप्पा ३ : सामान निवडणे

डिस्कच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. द्राक्षबागेत ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकीच्या डिस्क, आणूच नयेत. ड्रायव्हरची कड पातळ व धारदार असते, ती वेगाने पानांत शिरली की पाने फाटतात, आणि खोडावर आदळली तर साल निघते. पुटर (जवळच्या फेकीची डिस्क) आणि मिडरेंज (मधल्या अंतराची डिस्क) यांची कड बोथट व जाड असते. बागेतली होल तशीही ४० ते ७० मीटरचीच असणार, तेवढ्यासाठी या दोन प्रकारच्या डिस्क पुरेशा आहेत.

डिस्कवर वेग, तरंग, वळण आणि शेवटचा झुकाव दाखवणारे चार आकडे छापलेले असतात. अरुंद गल्लीसाठी शेवटच्या आकड्याकडे पाहावे. तो शून्य किंवा एकच्या आसपास असलेली डिस्क निवडावी. झुकाव जास्त असलेली डिस्क उजव्या हाताने बॅकहँड (हात छातीसमोरून आडवा नेऊन) फेकली की अखेरीस डावीकडे वळते आणि थेट वेलींत जाते. नवखे खेळाडू नेमकी अशीच डिस्क उचलतात, कारण मैदानावर ती वाऱ्यात स्थिर वाटलेली असते.

रंग गुलाबी किंवा आकाशी असावा. हिरवी डिस्क पानांत आणि तपकिरी किंवा जांभळी डिस्क मातीत व काड्यांत हरवते.

यांशिवाय घोट्यापर्यंतचे बूट, पूर्ण लांबीची विजार, पातळ हातमोजे, खांबांना बांधायला रंगीत फिती, प्रत्येकी किमान दोन लिटर पाणी, साबण आणि बूट घासायचा ब्रश घ्यावा. ब्रश दोनदा लागतो, बागेत शिरण्याआधी आणि बाहेर पडताना. दुसऱ्या बागेतली माती बुटांवरून आणू नये. मिलीबग या किडीची पिल्लेही कपड्यांना चिकटून एका बागेतून दुसरीकडे जातात, म्हणून एकाच दिवशी दोन बागांत खेळण्याचा बेत आखू नये.

टप्पा ४ : बागेत पोहोचल्यावर आधी पायी फेरी

मार्च-एप्रिलमध्ये उन्हाचा तडाखा आणि दुपारचा वारा या दोन्हींमुळे सकाळी दहापर्यंत खेळ संपायला हवा. पुण्याहून नारायणगाव साधारण ७५ किलोमीटर आहे आणि चाकणच्या चौकात अडकलात तर तासभर सहज जातो, म्हणून पहाटेच निघावे. उशीर झाला म्हणून पायी फेरी गाळणे ही नेहमीची चूक आहे. उशीर झाला तर नऊऐवजी सहा होल खेळावीत, पण फेरी गाळू नये.

फेरीत सर्वांत आधी ओळींची टोके पाहावीत. शेवटच्या खांबाला ताण देण्यासाठी जमिनीत पुरलेल्या अँकरपर्यंत एक तिरकी तार गेलेली असते. ती पोटरीपासून छातीपर्यंत कुठल्याही उंचीवर आडवी येते आणि सकाळच्या तिरप्या उन्हात अजिबात दिसत नाही. डिस्कवर नजर ठेवून धावणारा माणूस तिच्यावरच आदळतो. खेळाच्या क्षेत्रातल्या अशा प्रत्येक तारेला रंगीत फीत बांधावी.

त्यानंतर ठिबकच्या नळ्या कुठून जातात ते पाहावे. काही बागांत नळी खालच्या तारेला टांगलेली असते, काहींत ती बोदावर जमिनीवरच पसरलेली असते. बोद म्हणजे वेलींच्या बुंध्याशी केलेला मातीचा उंचवटा. त्याच्यावर पाय देऊ नये, कारण तिथली माती भुसभुशीत राहावी लागते आणि पांढरी मुळे तिथेच असतात. खेळाडूने चालायचे ते गल्लीच्या मधूनच.

*सावधान :* शेततळे असेल तर त्याच्या काठापासून पुरेसे अंतर ठेवून फितीने सीमा आखावी आणि त्यापलीकडचे सारे आउट ऑफ बाउंड्स (खेळाच्या हद्दीबाहेर) ठरवावे. शेततळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, तो ओला झाला की उतारावर पाय ठरत नाही आणि पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. तळ्यात गेलेली डिस्क गेली असे समजावे. कोणीही काढायला उतरू नये.

*सावधान :* ओलाव्याच्या जागी, काड्यांच्या ढिगात आणि पाइपांच्या थप्पीत घोणस किंवा नाग असू शकतो. हात घालण्याआधी काठीने हलवून पाहावे. साप चावल्यास जखम कापणे, चोखणे किंवा करकचून बांधणे यांपैकी काहीही करू नये. चावलेला अवयव न हलवता १०८ क्रमांकावर फोन करावा आणि प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात तातडीने न्यावे. जुन्नर भागात बिबट्याचा वावर आहे, त्यामुळे संध्याकाळचा खेळ आखू नये आणि मुलांना ओळींत एकटे सोडू नये.

टप्पा ५ : होल मांडणे आणि स्थानिक नियम ठरवणे

प्रत्येक होल ओळीच्या दिशेनेच असावे. ओळींना आडवे होल मांडले की डिस्क चार-पाच ओळींच्या डोक्यावरून न्यावी लागते, आणि कमी पडलेली प्रत्येक फेक वेलींत जाते. आडवे जायचे असेल तर ते बागेच्या टोकाच्या गाडीवाटेवरून जावे.

बास्केट गल्लीच्या आत, वेलींच्या मध्ये ठेवू नये. गल्ली संपून गाडीवाट सुरू होते तिथे, टोकाच्या खांबापासून चार-पाच मीटर पुढे ती ठेवावी. पटिंगच्या (जवळून बास्केटमध्ये डिस्क टाकण्याच्या) वेळी चुकलेल्या डिस्क बास्केटच्या आसपासच घुटमळतात, तेव्हा ती जागा मोकळी असायला हवी. समांतर होलांमध्ये किमान दोन गल्ल्या रिकाम्या सोडाव्यात आणि शेजारच्या होलांची दिशा एकच ठेवावी, म्हणजे दोन गट समोरासमोर फेकणार नाहीत.

स्थानिक नियम पहिली फेक होण्याआधीच मोठ्याने वाचून दाखवावेत. माझ्या अनुभवात हे तीन नियम पुरतात. एक, डिस्क वेलीत, तारेत किंवा बोदावर थांबली तर दंड नाही. ज्या गल्लीतून फेकली त्याच गल्लीच्या मध्यावर, बास्केटच्या जवळ न जाता, पुढची फेक घ्यायची. दोन, डिस्क शेजारच्या गल्लीत गेली तर ती आउट ऑफ बाउंड्स. एका फेकीचा दंड आणि जिथून फेकली तिथूनच पुन्हा फेक. तीन, पान किंवा काडी बाजूला सारून, वाकवून किंवा धरून उभे राहण्याची जागा करायची नाही. हा तिसरा नियम मुळात पीडीजीएच्या, म्हणजे व्यावसायिक डिस्क गोल्फ संघटनेच्या, नियमांतही आहे. वाढत्या झाडाझुडपांना हलवून फेकीची वाट मोकळी करता येत नाही.

दुसरा नियम अनेकांना कडक वाटतो, पण तो ठेवावाच. तो नसला की खेळाडू शेजारच्या गल्लीतून पुढे खेळत राहतात आणि मग वेलींच्या मधून फेकण्याचा प्रयत्न होतो.

टप्पा ६ : टीवरची फेक

गल्ली आठ फुटांची दिसली, तरी दोन्ही बाजूंच्या पानोळ्याची (वेलीच्या पानांच्या पसाऱ्याची) रुंदी वजा केली तर डिस्कला सहा फूटही मिळत नाहीत. म्हणून इथे लांबीपेक्षा सरळपणा महत्त्वाचा आहे.

धावत येऊन फेकू नये, उभ्याने फेकावे. उजव्या हाताच्या बॅकहँडमध्ये डिस्क सुटल्यानंतर हात उजवीकडे वळत जातो आणि मनगट खांबावर किंवा तारेवर आपटते. फेकीआधी रिकाम्या हाताने एकदा सावकाश पूर्ण झोका घेऊन पाहावा. हात कुठेही लागत नसेल तरच डिस्क हातात घ्यावी.

डिस्कचे नाक, म्हणजे पुढची कड, किंचित खाली ठेवावे. नाक वर राहिले की डिस्क पानोळ्याच्या वर उठते, तिथे वारा तिला पकडतो आणि वेग मंदावताच ती डावीकडे कोसळते. बागेतल्या बहुतेक फसलेल्या फेकींचे कारण हेच असते आणि खेळाडू मात्र दोष ताकदीला देऊन पुढच्या वेळी आणखी जोर लावतो. फेक छातीच्या उंचीने, पानोळ्याच्या वरच्या कडेखालून जाईल अशी असावी. समोरून वारा असेल तर डिस्क शेवटच्या झुकावाच्या उलट बाजूला उलटू पाहते आणि पाठीमागून असेल तर लवकर झुकते. गल्लीत वारा जाणवत नसला तरी वेलींचे शेंडे हलत आहेत का ते पाहावे.

६० मीटरचे होल एका फेकीत गाठण्याऐवजी ३५ मीटरची सरळ फेक आणि मग छोटी फेक, असा हिशेब ठेवावा. पार तीनच्या, म्हणजे तीन फेकींत पूर्ण होणे अपेक्षित असलेल्या, होलवर त्यानंतरही पटिंगची एक फेक उरते.

*तपासणी :* फेकण्याआधी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला आपला एक माणूस उभा आहे का, त्याने हात वर केला आहे का, आणि बागेतले कोणी मजूर त्या बाजूला नाहीत ना, हे पाहावे. डिस्क चुकीच्या बाजूला गेली तर “डिस्क आली!” असे तत्काळ ओरडावे.

टप्पा ७ : डिस्क शोधणे आणि उचलणे

डिस्क वेलीत शिरली की नजर न हलवता खांब मोजावेत. टीपासून कितव्या खांबाजवळ, डाव्या की उजव्या ओळीत, हे जागीच मोठ्याने बोलावे. “डावी ओळ, चौथा खांब” एवढे नक्की असले तर डिस्क मिनिटभरात सापडते. नाहीतर सगळ्या ओळीचा पाला चाळत बसावे लागते. पीडीजीएच्या नियमानुसार शोधायला तीन मिनिटे मिळतात. त्यानंतर डिस्क हरवली असे मानून एका दंडासह मागच्या जागेवरून फेकायचे. बागेत ही मर्यादा काटेकोर पाळावी, कारण शोध लांबला की लोक तारा उचलून वेलींखालून वाकून जाऊ लागतात. शेजारच्या गल्लीत जायचे असेल तर ओळीच्या टोकाला वळसा घालूनच जावे, मग ते अंतर कितीही असो. टोकाला उभ्या असलेल्या माणसाने आणून दिली तर वेळ वाचतो.

पानोळ्यात अडकलेली डिस्क काढताना वेल हलवू नये आणि ती पाडण्यासाठी दुसरी डिस्क मारू नये. एका हाताने डिस्कखालची काडी आधार देऊन धरावी, दुसऱ्या हाताने डिस्क ज्या वाटेने आत शिरली त्याच वाटेने मागे बाहेर ओढावी. वेलीचे ताणे डिस्कच्या कडेभोवती अडकले असतील तर ओढू नयेत, बोटांनी सोडवावेत. हात न पोहोचणाऱ्या उंचीवर असेल तर बाग सांभाळणाऱ्यालाच सांगावे. तारेवर पाय देऊन चढणे सर्वथा वर्ज्य आहे.

मोकळ्या गल्लीत पडलेल्या डिस्कसाठी नेहमीचाच नियम आहे. डिस्कच्या पुढच्या कडेला छोटा मार्कर ठेवून त्याच्या मागच्या २० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर लांब जागेत एक पाय टेकवून फेकावे.

टप्पा ८ : पटिंग

इथे बागेचा फारसा संबंध उरत नाही. बास्केटपासून १० मीटरच्या आत फेकल्यावर तोल सावरल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही, एवढे पाळावे. टोकाचा खांब बास्केटच्या मागे येत असेल, तर त्याला लागून डिस्क उडते, म्हणून बास्केट जरा सरकवून घ्यावी.

टप्पा ९ : बाग सोडण्याआधी

खेळ संपल्यावर सर्वांनी मिळून प्रत्येक गल्लीतून एक चक्कर मारावी. फिती, मार्कर, पाण्याच्या बाटल्या उचलाव्यात. नंतर बाग सांभाळणाऱ्याला विनंती करून, जिथे खेळलो त्या तुकड्याचे ठिबक पाच मिनिटे चालू करायला सांगावे. नळी कुठे फुटली असेल किंवा जोड निसटला असेल तर पाण्याची चिळकांडी तेव्हाच दिसते. एरवी ती गळती आठवडाभर कोणाच्या लक्षात येत नाही आणि पुढच्या वेली कोरड्या राहतात. मोडलेली काडी आढळली तर ती तोडून फेकून देऊ नये किंवा पाल्यात लपवू नये. त्या खांबाला एक फीत बांधून मालकाला ओळ आणि खांब सांगावा, म्हणजे छाटणीच्या वेळी त्याला ते सांभाळून घेता येते.

हात आणि डिस्क साबणाने धुतल्याशिवाय डबा उघडू नये. बुटांची माती बागेतच झटकावी आणि कपडे घरी वेगळे धुवावेत.